'सगळे क्लिक डॉक्युमेंटवरच पकडा' या सल्ल्याला उत्तर

जावास्क्रिप्ट शिकायला लागलेल्या मुलामुलींमध्ये एक सल्ला हातोहात फिरतो आहे. पान उघडल्यानंतर तयार झालेल्या बटणांवर क्लिक चालत नसेल, तर बटणांना लिसनर (क्लिक झाल्यावर धावणारं फंक्शन) लावायचं सोडूनच द्या. सगळे लिसनर डॉक्युमेंटवर, म्हणजे सगळं पान ज्यात येतं त्या सगळ्यात वरच्या वस्तूवर लावा, असं तो सांगतो. कारणं पाच दिली जातात: नव्या एलिमेंटला (पानाच्या घटकाला) लिसनर मिळत नाही, डॉक्युमेंटपर्यंत प्रत्येक इव्हेंट (क्लिकसारखी घटना) पोहोचतो, पान वेगवान होतं, मेमरी गळत नाही, आणि जेक्वेरी व रिॲक्ट या प्रसिद्ध लायब्ररी हेच करतात.

इव्हेंट डेलिगेशन, म्हणजे आतल्या एलिमेंटांवरचे क्लिक त्यांना सामावणाऱ्या बाहेरच्या एलिमेंटवर पकडणं, हे उत्तम तंत्र आहे आणि मी ते रोज वापरतो. आक्षेप आहे तो ते थेट डॉक्युमेंटवर नेऊन ठेवण्याला आणि प्रत्येक दुखण्यावर तेच औषध देण्याला. पाचही कारणं एकेक करून तपासली, तर एकही जसंच्या तसं टिकत नाही.

पहिलं कारण सगळ्यात जास्त दिशाभूल करतं, म्हणून त्यावर थोडं थांबू. नव्या एलिमेंटला लिसनर मिळत नाही, असा ब्राउझरचा कुठलाही नियम नाही. क्रिएटएलिमेंटने बटण बनवा, त्याच क्षणी त्याला ॲडइव्हेंटलिसनर लावा, मग ते यादीत घाला, क्लिक चालतो. बटण पानावर यायच्या आधी लिसनर लावला तरी चालतो. नवशिक्याचं अडतं ते दुसरीकडेच. क्वेरीसिलेक्टरऑल ही त्या क्षणी पानावर असलेल्या एलिमेंटांची यादी देते. ती यादी पुढे वाढत नाही. त्यावर लूप फिरवून लिसनर लावले की तेव्हा हजर असलेल्यांनाच ते मिळतात, नंतर आलेल्यांना नाहीत. म्हणजे लिसनर केव्हा लावला, हा खरा प्रश्न आहे.

त्याहून छुपा घोटाळा इनरएचटीएमएलचा, म्हणजे एलिमेंटच्या आतलं सगळं मजकूर म्हणून वाचण्याच्या-लिहिण्याच्या सोयीचा. किराणा मालाच्या ऑर्डरचं पान घ्या. यादीत साखर, तूरडाळ, पोहे आहेत आणि प्रत्येक ओळीत 'काढा' बटण आहे. गिऱ्हाइकाने शेंगदाणे वाढवले. कोड लिहिणाऱ्याने यादीच्या इनरएचटीएमएलला अधिक-बरोबर (+=) करून नवी ओळ जोडली. दिसायला एक ओळ वाढली. प्रत्यक्षात ब्राउझरने यादीतलं सगळं मजकूर म्हणून वाचून घेतलं, जुने नोड (पानाच्या रचनेतले प्रत्यक्ष एलिमेंट) टाकून दिले आणि त्या मजकुरातून सगळे नोड नव्याने बनवले. लिसनर मजकुरात नसतात, ते नोडवर असतात. म्हणून शेंगदाण्याचं बटण तर चालत नाहीच, पण आतापर्यंत नीट चालणारी साखरेची आणि डाळीची बटणंही मुकी होतात. इथे लिसनर डॉक्युमेंटवर नेला की बटणं चालायला लागतात, आणि मूळ चूक झाकली जाते. ओळींमध्ये प्रमाण लिहायला इनपुट असेल, तर गिऱ्हाइकाने टाइप केलेला आकडा प्रत्येक वेळी पुसला जातो, कर्सरही जातो. त्यावर डॉक्युमेंटवरच्या लिसनरचा काही उपयोग नाही. अपेंड किंवा इन्सर्टॲडजेसंटएचटीएमएल वापरलं असतं, तर जुने नोड जागच्या जागी राहिले असते. एलिमेंटची नक्कल काढणाऱ्या क्लोननोडचंही असंच: ॲडइव्हेंटलिसनरने लावलेले लिसनर नकलेत उतरत नाहीत. हे माहीत नसलं की पुन्हा 'डायनॅमिक आहे म्हणून चालत नाही' हाच निष्कर्ष निघतो.

या चुकीच्या निदानातून एक धोका निर्माण होतो, आणि तो गिऱ्हाइकाच्या खिशापर्यंत जातो. एकाच एलिमेंटवर तेच फंक्शन पुन्हा लावलं तर ब्राउझर दुसरी नोंद करत नाही. पण 'तेच' म्हणजे तोच संदर्भ. जागच्या जागी लिहिलेलं ॲरो फंक्शन दर वेळी नवं असतं, म्हणून प्रत्येक नोंद वेगळी धरली जाते. आता यादी नव्याने रंगवणाऱ्या, म्हणजे पानावर पुन्हा काढणाऱ्या फंक्शनमध्येच लिसनर लावायची ओळ आहे असं समजा. लिसनर बटणांवर असते आणि बटणं दर वेळी नवी बनत असती, तर जुन्या बटणांबरोबर त्यांचे लिसनरही गेले असते. सल्ला ऐकून ती ओळ तशीच डॉक्युमेंटवर नेली, तर डॉक्युमेंट कधीच जात नाही. यादी पाचदा रंगली की पाच लिसनर साठतात आणि 'ऑर्डर द्या' एकदा दाबल्यावर पाच विनंत्या सर्व्हरकडे जातात. हा दोष चाचणीत सहज निसटतो, कारण पान ताजं उघडल्यावर सगळं नीट चालतं.

आता दुसरं कारण: डॉक्युमेंटपर्यंत सगळं पोहोचतं. इव्हेंट आधी वरून खाली येतो, मग लक्ष्यावर, मग खालून वर चढतो, हे खरं. पण वर चढणं सगळ्यांच्या वाट्याला नाही. फोकस आणि ब्लर चढत नाहीत. त्यासाठी फोकसइन आणि फोकसआउट आहेत. माउसएंटर, माउसलीव्ह चढत नाहीत. चित्राचा लोड किंवा एरर चढत नाही, व्हिडिओचे प्ले आणि पॉज चढत नाहीत, एखाद्या डब्याच्या आतलं स्क्रोलही चढत नाही. हे कॅप्चर टप्प्यात, म्हणजे इव्हेंट खाली येताना पकडता येतात. पण मग तुमचा लिसनर बटणाच्या स्वतःच्या लिसनरच्या आधी धावतो आणि क्रमाची सगळी गणितं बदलतात. हे सल्ल्यात कुणी सांगत नाही.

क्लिक मात्र चढतो. तरीही मध्ये कुठे स्टॉपप्रोपगेशन (इव्हेंटला पुढे जाऊ न देणारी आज्ञा) आलं की तो तिथेच थांबतो. पानावर कॅलेंडर निवडण्याचा, नकाशाचा किंवा स्लायडरचा तयार विजेट बसवला असेल, तर त्यातले क्लिक बाहेर येतील याची खात्री नाही, आणि तो कोड तुमच्या हातात नसतो. जितकं वर ऐकाल, तितके मधले अडथळे वाढतात. विजेटची आतली रचना बाकी पानापासून वेगळी ठेवणाऱ्या शॅडो डॉममध्ये आणखी वेगळं घडतं: क्लिक बाहेर येतो, पण डॉक्युमेंटवर पाहिलं तर टार्गेट (ज्यावर क्लिक झाला तो एलिमेंट) म्हणून आतलं बटण दिसत नाही, बाहेरचा यजमान एलिमेंट दिसतो. तुमचं क्लोजेस्ट (वर चढत जुळणारा एलिमेंट शोधणारी पद्धत) आतल्या क्लासपर्यंत पोहोचतच नाही. कंपोज्डपाथ, म्हणजे इव्हेंटच्या वाटेवरच्या एलिमेंटांची यादी, विचारून आतला रस्ता मिळतो, तोही शॅडो रूट (त्या रचनेचं मूळ) उघडा असेल तरच. आयफोनवरच्या सफारीत तर डिव्ह किंवा स्पॅनवर बोट टेकवल्यावर फक्त बॉडी किंवा डॉक्युमेंटवर लावलेल्या लिसनरला क्लिक न मिळण्याचा त्रास वेब बनवणाऱ्यांनी वर्षानुवर्षं काढला आहे. त्यावरचा एक साधा उतारा म्हणजे बॉडीच्या आतल्या एखाद्या कंटेनरवर लिसनर लावणं, म्हणजे या सल्ल्याच्या नेमकं उलट.

पोहोचण्याच्याच बाबतीतला एक प्रसंग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो भल्याभल्यांना तासन्‌तास अडकवतो. मेनू उघडा आहे आणि बाहेर क्लिक झालं की तो मिटावा, यासाठी डॉक्युमेंटवर लिसनर आहे. तो तपासतो की क्लिकचं टार्गेट मेनूच्या आत आहे का. नसेल तर मेनू मिटवतो. मेनूत 'आणखी दाखवा' बटण आहे. ते दाबलं की त्याचा स्वतःचा लिसनर मेनूचा मजकूर बदलतो आणि ते बटण पानावरून निघून जातं. इव्हेंटचा रस्ता आधीच ठरलेला असतो, त्यामुळे बटण गेलं तरी इव्हेंट डॉक्युमेंटपर्यंत जातोच. तिथे टार्गेट म्हणून ते काढून टाकलेलं बटण मिळतं. ते आता मेनूच्या आत नाही, कुठेच नाही. लिसनर समजतो की बाहेर क्लिक झालं, आणि गिऱ्हाइकाने आणखी पाहायला मागितल्यावर मेनू तोंडावर बंद होतो. कोड कितीही वाचला तरी चूक दिसत नाही, कारण दोन्ही लिसनर आपापल्या जागी बरोबर असतात. कंपोज्डपाथमध्ये मेनू आहे का, असं विचारलं तर योग्य उत्तर येतं. तो रस्ता इव्हेंट निघाला तेव्हाचा असतो.

वेगाचं कारण अर्धं खरं आहे. हजार ओळींच्या तक्त्यात हजार लिसनर लावण्यापेक्षा तक्त्यावर एक लावणं हलकं, यात शंका नाही. पण ते तक्त्यावर लावूनही साधतं, त्यासाठी डॉक्युमेंट लागत नाही. डॉक्युमेंटवर तीस लिसनर असतील, तर पानावरच्या कुठल्याही कोपऱ्यातल्या प्रत्येक क्लिकवर तीसही धावतात आणि आपला क्लिक आहे का ते तपासतात. क्लिक क्वचित होतो, म्हणून ते खपून जातं. बोटाच्या हालचालींचं तसं नाही. टचस्टार्ट आणि टचमूव्हचे लिसनर विंडो, डॉक्युमेंट, बॉडीवर असले की प्रिव्हेंटडिफॉल्ट (स्क्रोलसारखी नेहमीची क्रिया रोखणारी आज्ञा) येतो का याची वाट पाहत ब्राउझरला स्क्रोल थांबवून धरावं लागे. स्वस्त फोनवर पान अडखळायचं. म्हणून क्रोमने 2017 मध्ये 56व्या आवृत्तीपासून या तीन जागांवरचे हे लिसनर आपोआप पॅसिव्ह, म्हणजे स्क्रोल रोखू न शकणारे, धरायला सुरुवात केली. 2019 मध्ये 73व्या आवृत्तीत माउसच्या चाकाच्या व्हील इव्हेंटचंही तेच केलं. सगळं वरून ऐकायच्या सवयीचा ताण इतका होता की ब्राउझरला चालत आलेलं वर्तन बदलावं लागलं.

मेमरीचं कारण जुनं झालं. इंटरनेट एक्सप्लोरर 6 च्या काळात डॉम (पानावरच्या एलिमेंटांची रचना) आणि जावास्क्रिप्ट एकमेकांना धरून बसत आणि मेमरी सुटत नसे. आजच्या ब्राउझरमध्ये नोड काढला आणि त्याचा संदर्भ कुठेच उरला नाही, तर तो लिसनरसकट साफ होतो. उलट डॉक्युमेंटवरचा लिसनर आपल्या क्लोजरमध्ये (फंक्शनने धरून ठेवलेल्या बाहेरच्या व्हेरिएबलांत) जुना डेटा धरून पान बंद होईपर्यंत जगतो.

उरलं मोठ्यांचं उदाहरण. जेक्वेरीने 2009 मध्ये 1.3 आवृत्तीत लाइव्ह नावाची पद्धत आणली. ती नेमकं हेच करायची: लिसनर डॉक्युमेंटवर. अडचणी दिसल्या. इव्हेंट डॉक्युमेंटपर्यंत चढून गेल्यावर तिथे स्टॉपप्रोपगेशन म्हणण्याला अर्थ नव्हता, मधले सगळे लिसनर आधीच धावून झालेले असत. 2010 मध्ये डेलिगेट आलं, ज्यात कंटेनर तुम्ही निवडायचा. 2011 मध्ये 1.7 सोबत ऑन आलं आणि लाइव्ह कालबाह्य ठरलं. 2013 मध्ये 1.9 मधून ते काढूनच टाकलं. ऑनच्या दस्तऐवजात स्पष्ट सांगितलं आहे की डेलिगेट केलेले लिसनर लक्ष्याच्या शक्य तितक्या जवळ लावा. रिॲक्ट 16व्या आवृत्तीपर्यंत बहुतेक इव्हेंट डॉक्युमेंटवर ऐकायचं. एकाच पानावर रिॲक्टच्या दोन आवृत्त्या किंवा शेजारी जुना जेक्वेरी कोड असला की स्टॉपप्रोपगेशनचा गोंधळ व्हायचा. ऑक्टोबर 2020 मध्ये आलेल्या 17व्या आवृत्तीत ते लिसनर ॲपच्या रूट कंटेनरवर आणले गेले. व्हिडिओच्या प्ले-पॉजसारखे न चढणारे इव्हेंट तर रिॲक्ट थेट त्या एलिमेंटवरच ऐकतं. ज्या दोघांचा दाखला दिला जातो, ते दोघेही डॉक्युमेंटवरून खाली उतरले आहेत.

मग करायचं काय? किराण्याच्या यादीत ओळी येतात-जातात, पण यादीचा एलिमेंट टिकून राहतो. लिसनर त्याच्यावर लावा, एकदाच, रंगवणाऱ्या फंक्शनच्या बाहेर. बटणात आयकॉन असेल तर टार्गेट आयकॉन असतो, म्हणून क्लोजेस्टने बटणापर्यंत चढा, आणि मिळालेलं बटण खरोखर याच यादीच्या आत आहे ना, हे कंटेन्सने बघा. कोणती वस्तू काढायची ते डेटा ॲट्रिब्यूटमध्ये ठेवा. 'काढा'साठी डिव्ह वापरू नका, बटणच वापरा: डेलिगेशन कितीही नीट असलं तरी डिव्हवर टॅबने जाता येत नाही आणि एंटर दाबून काही होत नाही, त्यामुळे माउस न वापरणारा माणूस बाहेरच राहतो. यादी छोटी असेल आणि प्रत्येक ओळ तुम्हीच क्रिएटएलिमेंटने बनवत असाल, तर बटणालाच लिसनर लावा. त्यात कमीपणा काही नाही.

डॉक्युमेंटची जागा खरोखर लागते ती बाहेरच्या क्लिकने मेनू मिटवण्यासारख्या कामाला. तिथेही मेनू उघडताना ॲबॉर्टकंट्रोलरचा (लिसनर नंतर काढून टाकण्याच्या सोयीचा) सिग्नल देऊन लिसनर लावा आणि मेनू मिटला की ॲबॉर्ट करा, म्हणजे पुढच्या वेळी दुसरा साठणार नाही.