होय काका, नळी पाण्यानेच धुतली

नमस्कार काका. माझ्या बंदूक दुरुस्तीच्या दुकानाला तुम्ही दिलेला एक तारा परवा मुलाने मोबाईलवर दाखवला. तुम्ही लिहिलंय: 'गंज काढायला दिलेली ठासणीची बंदूक सव्वा महिना अडकवून ठेवली, अठराशे रुपये घेतले, नळी चक्क पाण्याने धुतली आणि दिवाळीला परत गंजली. या माणसाला बंदुकीतलं काही कळत नाही.'

उशीर झाला, त्याबद्दल माफी मागतो. गणपतीच्या आधी देतो म्हणालो होतो आणि दिली गौरी गेल्यावर. मधले सात दिवस दुकान बंद होतं आणि तुमचे दोन फोन माझ्याकडून उचलले गेले नाहीत. ते चुकलंच.

पण 'चक्क पाण्याने' हे वाचून रात्री झोप लागली नाही. हे काम मी वडिलांकडून शिकलो. जिल्ह्यात ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायची, बंदूक दुरुस्तीला हातात घेणारी माणसं आता बोटांवर मोजण्याएवढी उरलीत. तुमचं वाचून कोणी म्हणेल, हा बंदूक नळाखाली धरतो. शेजारच्या गावच्या एकाने हसत विचारलंसुद्धा, साबण कुठला वापरता? म्हणून जरा लांबलं तरी सगळं लिहितो.

होय, पाण्याने धुतली. उकळत्या पाण्याने, आणि पुढेही तसंच धुणार. काळी दारू म्हणजे ढोबळमानाने ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. ती जळली की सगळी धूर होऊन उडून जात नाही, निम्म्याहून जास्त वजन क्षार आणि काजळी होऊन मागे उरतं. त्यातलं थोडं नळीच्या तोंडातून बाहेर पडतं, बाकीचं नळीला आतून चिकटतं. हे क्षार हवेतलं पाणी ओढून घेतात. आषाढात आपल्या घरी मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तसंच नळीत सुटतं, आणि इथे तर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. मीठ रॉकेलमध्ये विरघळत नाही, तेलातही नाही, ते पाण्यातच विरघळतं. रॉकेलचा बोळा फिरवला की काजळी निघते, नळी चकचकीत दिसते आणि क्षार तेलाच्या थराखाली बसून आपलं काम चालू ठेवतात. माझे आजोबा पलटणीत होते. तिथे थ्री-नॉट-थ्री रायफलीच्या नळीत नरसाळ्याने उकळतं पाणी ओतायची पद्धत होती, कारण त्या काडतुसांच्या टोपीतूनही असाच क्षार मागे राहायचा. पाण्याला घाबरायचं नसतं. घाबरायचं ते नळीत राहिलेल्या पाण्याला.

तुमच्या बंदुकीचं काय केलं तेही सांगतो. लाकडी दस्त्यातून नळी मोकळी केली, निपल, म्हणजे ठिणगी आत जाते ते बुडाकडचं भोकाचं टोक, काढलं, बुडाकडचं टोक बादलीत ठेवलं आणि गजाला चिंधी गुंडाळून पिचकारीसारखं वरखाली केलं. पहिलं पाणी शाईसारखं, त्याला सडक्या अंड्याचा वास. चौथ्या बादलीला स्वच्छ आलं. पोलाद इतकं तापतं की आतलं पाणी आपोआप सुकतं, पण लगेच एक तपकिरी छटा धरते. ती कोरड्या चिंधीने तिथल्या तिथे पुसावी लागते आणि नळी कोमट असतानाच तेल द्यावं लागतं. जुना गंज त्यानंतर पितळी ब्रश आणि तेलाने काढला, थोडा थोडा, मधे रात्रभर मुरवत ठेवून. ॲसिड घातलं असतं तर एका दिवसात पांढरी झाली असती, पण ॲसिड कुठे थांबायचं ते ऐकत नाही. अठराशे रुपये या मजुरीचे, आणि निपल नवीन बसवलंय त्याचे. जुन्याचं भोक किती मोठं झालं होतं ते तुम्हाला उजेडाकडे धरून दाखवलं होतं.

तोंडाकडचा गंजलेला चार बोटं भाग कापून द्यायला मी नाही म्हणालो, त्याचाही तुम्हाला राग आहे असं कळलं. शस्त्र कायदा १९५९, कलम ६. परवान्याशिवाय नळी आखूड करणं गुन्हा आहे. तुमच्या चार बोटांसाठी मी माझं दुकान घालवणार नाही.

पुढचं लिहिणार नव्हतो, पण 'काही कळत नाही' म्हणालात म्हणून लिहितो. तुम्ही बंदूक काउंटरवर ठेवलीत तेव्हा तिचं तोंड समोरच्या चहावाल्याकडे होतं. मी सवयीप्रमाणे आधी गज आत सोडला, नखाने खूण धरली आणि बाहेर काढून नळीला लावून बघितला. गज बुडापर्यंत पोचतच नव्हता, चार बोटं अलीकडे थांबत होता. मी विचारलं, 'काका, भरलेली आहे काय?' तुम्ही म्हणालात, 'छे, ती गेल्या वर्षीची. वाजलीच नव्हती.' आठवतंय? भरलेली बंदूक एसटीतून घेऊन आलात. मी तुम्हाला काही बोललो नाही, चहा मागवला. मग बुडातून पाणी सोडून आतली दारू भिजवली आणि गजाला स्क्रू लावून काथ्याचा बोळा बाहेर ओढला. मागोमाग दारू आली ती ओली, चहाच्या चोथ्यासारखी. एक बार काढून नळी न धुता त्यावरच दुसरा ठासला होता आणि तो अख्खा पावसाळा आत होता.

नळीत बारीक बल्ब सोडून तुम्हाला जे मोहरीएवढे खड्डे दाखवले ते नेमके त्याच चार बोटांत आहेत. वर, तोंडाकडे, फक्त वरवरचा गंज होता, कारण तुम्ही तिथे कापडाचा बोळा कोंबून ठेवला होता आणि कापड ओल धरतं. गंज काढता येतो, काका. गंजाने खाल्लेलं लोखंड परत भरता येत नाही. खड्डे जाईपर्यंत आतून घासत बसलो असतो तर नळी बुडाशी पातळ झाली असती, आणि बार काढताना सगळ्यात जास्त जोर तिथेच येतो. तुमचा गाल दस्त्याला लागलेला असतो म्हणून घासलं नाही.

दिवाळीला परत का गंजली, हे तुम्हीच फोनवर सांगितलंत. भात पिकायला आलं तेव्हा डुकरांना हाकलायला चार-पाच बार काढले, रॉकेलने पुसली आणि कव्हरमध्ये घालून माळ्यावर ठेवली. बंदूक देताना मी तीनदा सांगितलं होतं: बार काढला की त्याच दिवशी गरम पाणी, मग कोरडी चिंधी, मग तेल. दुसऱ्या दिवशी परत एक चिंधी फिरवायची, ती तपकिरी आली तर पुन्हा तेल. खोबरेल नको, ते खवट होऊन चिकटतं. कव्हरमध्ये ठेवायची नाही, उघडी ठेवायची, तोंड खाली करून, म्हणजे तेल उतरून दस्त्याच्या लाकडात मुरत नाही. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी बघायची. तुम्ही मान हलवत होतात, पण लक्ष गाडीच्या वेळेकडे होतं.

हे तोंडी सांगून भागत नाही, एवढं मला पटलंय. आता एक छापील कागद द्यायचा विचार आहे, मुलगा करतो म्हणालाय. फोनचंही काहीतरी बघतो. माझ्याकडे महिन्याला चार-पाच बंदुका येतात, त्यातली एक जरी तुमचं वाचून आली नाही तरी मला ते जाणवतं. तारा काढा असं म्हणणार नाही, तो तुमचा हक्क आहे.

तुमची नळी परत एकदा साफ करून देतो, पैसे नकोत. दोन तास थांबा आणि समोर बघा. बादली, पाणी, चिंधी, सगळं तुमच्या डोळ्यांदेखत. रजिस्टरला नोंद करावी लागते, म्हणून येताना परवाना आणा. आणि बंदूक रिकामी आणा. मंगळवारी दुकान बंद असतं.