पिशवीतला काळा कोट

परवा संध्याकाळी फोंड्याला तिस्कावर नेहमीचे बसलो होतो. समोर कदंब बस थांबली आणि माझा भाचा उतरला. काखेत प्लॅस्टिकची पिशवी, आत घडी घातलेला काळा कोट. पर्वरीच्या हायकोर्टातून येताना पणजीला बस बदलायची, उभ्याने यायचं; कोट चुरगळू नये म्हणून पिशवी. "येतो मामा," म्हणाला आणि घरी गेला. विषय त्याच्यावरूनच निघाला.

"तीन वर्षं वकिली केल्याशिवाय जज्जाची परीक्षा नाही. झक्क निकाल!" रघूबाब गरजले. "ह्या पोरांना कष्ट नकोत. आमच्या वेळी..."

रघूबाब सरकारी खात्यात चिकटले ते निवृत्त होऊनच उठले.

"कष्टाला कोण नाही म्हणतं?" सुषमा म्हणाली. "२० मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने तीन वर्षं सांगितली. ती काढायची कोणाच्या पैशांवर? ज्याच्या बापाचं ऑफिस आहे तो काढील. बाकीच्यांनी?"

"वकिलांच्या बार कौन्सिलने सांगितलंय ना!" रघूबाब म्हणाले. "ज्युनियरला महिन्याला शहरात २०,०००, गावात १५,०००."

"ती नुसती शिफारस, ऑक्टोबर २०२४ ची. शिफारस दाखवून पोदेर पाव देत नाही."

मला राहवलं नाही. भाचा दीड वर्ष एका सीनियरकडे राबतोय. हातात पडतात ते बसभाड्याचे पैसे, तेही गणेशचवथीच्या महिन्यात चुकले. बहीण अजून त्याला डब्याबरोबर पैसे देते. हे मी सांगितलं तेव्हा रघूबाबही क्षणभर गप्प झाले.

"गोव्यात काम नाही असं थोडंच आहे?" सुषमा पुढे म्हणाली. "१८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता अजून घराघरात आहे. म्हातारा गेला की इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून कोर्टातून वाटणी; घर विकायचं तर नवरा-बायको दोघांच्या सह्या. मुंबईचा वकील ह्यात चाचपडतो. लॉ कॉलेजची प्लेसमेंट म्हणजे मुंबईची कंपनीच कशाला? कॉलेज मिरामारचं असो की मडगावचं, शेवटच्या वर्षाच्या पोराकडून एक आख्खी इन्व्हेंटरी करून घ्या, अर्जापासून वाटणीपर्यंत. बाहेर पडताच चार पैसे मिळवील."

"इन्व्हेंटरीवरून आठवलं," शांबा म्हणाला, "रघूबाब, तुमची कुठवर आली?"

झालं! चुलतभाऊ, मागीलदारचा फणस, सही द्यायला न येणारी वहिनी, सगळं पुन्हा पहिल्यापासून. भजी निवली. शेवटी रघूबाब माझ्याकडे वळले आणि आवाज उतरवून म्हणाले, "तुझा भाचा करील का रे हे काम?"

"करील की."

"आणि फी?"

"२०,०००," सुषमा म्हणाली. "शिफारशीप्रमाणे."

रघूबाब सोडून सगळे हसलो. पण जाताना त्यांनी भाच्याचा नंबर मागून घेतला.