‘ऑल्ट-ॲझवर डीप-स्काय होत नाही’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

मोटर लावलेल्या डॉबवर, म्हणजे साध्या ऑल्ट-ॲझ बैठकीवरच्या आरशाच्या दुर्बिणीवर, डीप-स्काय फोटो काढता येतात असं मी एका लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. (इतरांसाठी: ऑल्ट-ॲझ म्हणजे आडवी आणि उभी फिरणारी बैठक, डीप-स्काय म्हणजे दीर्घिका, तेजोमेघ असे अंधूक पिंड, आणि फील्ड रोटेशन म्हणजे अशा बैठकीवर ताऱ्यांच्या मागे जाताना चित्र स्वतःभोवती फिरत राहणं.) त्यातलं मुख्य वाक्य इथे जसंच्या तसं देतो, म्हणजे मी कशाला उत्तर देतोय ते इतरांनाही कळेल. “फील्ड रोटेशन नावाचा प्रकार लेखकाच्या गावीही नाही, ऑल्ट-ॲझवर डीप-स्काय होत नाही, हे शाळकरी पोरालाही कळतं.” त्यानंतर कोमा (कडेचे तारे शेपटीदार दिसणं), गाइडिंग (एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची, म्हणजे बैठकीची, चाल सतत सुधारणं), डेटाचा ढीग आणि डॉबची रचना करणारा जॉन डॉब्सन यांच्यावर एकेक ओळ, आणि शेवटी “नवख्यांना खड्ड्यात घालू नका.”

आधी भाषेबद्दल बोलतो. मतभेदाला माझी कधीच ना नसते. पण १६ इंची मोटरवाली डॉब वर्षानुवर्षं चालवणाऱ्या माणसाला फील्ड रोटेशन माहीत नाही, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? त्या लेखात सब, म्हणजे नंतर एकत्र करायचे सुटे फोटो, १० सेकंदांचे ठेवा असं लिहिलं आहे. ते १० सेकंद रोटेशनमुळेच आले आहेत. आणि तुमच्या एवढ्या मोठ्या प्रतिक्रियेत रोटेशनचा एकही आकडा नाही. किती अंश, किती वेळात, आकाशाच्या कुठल्या भागात, केवढ्या सेन्सरवर, यातलं काही न सांगता “होत नाही” म्हणणं ही हरकत होत नाही, ती दमदाटी होते.

तर आकडे मी देतो. चित्र फिरण्याचा वेग तासाला अंशांमध्ये असा काढतात: १५.०४ गुणिले अक्षांशाचा कोसाइन, गुणिले दिगंशाचा (उत्तरेपासून मोजलेल्या दिशेचा) कोसाइन, भागिले उन्नतांशाचा (क्षितिजापासूनच्या उंचीचा) कोसाइन. उदाहरणापुरता अक्षांश २० अंश घ्या. मग पहिले दोन मिळून साधारण १४.१ होतात, आणि बाकी सगळं दुर्बीण कुठे वळलेली आहे यावर ठरतं. दिगंश ८०, म्हणजे जवळजवळ पूर्वेला, आणि उन्नतांश ४० असेल तर वेग तासाला ३.२ अंश. बरोबर पूर्वेला किंवा पश्चिमेला तो शून्य होतो. याम्योत्तर वृत्तावर, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर, उन्नतांश ४५ ला, तो २० अंशांवर जातो. ७५ ला सुमारे ५५. आणि ८५ ला १६० च्याही पुढे.

आता हेच पिक्सेलमध्ये मोजा, कारण ताऱ्याची रेघ पिक्सेलवर उमटते. आयएमएक्स५३३ हा कॅमेऱ्यातला चौरस सेन्सर घ्या: ३००८ गुणिले ३००८ पिक्सेल, प्रत्येकी ३.७६ मायक्रॉन. केंद्रापासून कोपरा २१२७ पिक्सेल दूर आहे. १० सेकंदांच्या सबमध्ये कोपऱ्यातला तारा पूर्वेकडच्या त्या उदाहरणात पिक्सेलचा तिसरा हिस्सा सरकतो. याम्योत्तरावर ४५ अंशांवर २ पिक्सेल, ७५ अंशांवर साडेपाच, ८५ वर १६-१७. ही झाली कोपऱ्याची गोष्ट. मध्याकडे येताना हा सरकाव अंतराच्या प्रमाणात कमी होतो, आणि आपल्याला टिपायची दीर्घिका मध्यात असते.

हे २ पिक्सेल किती मोठे? १६ इंची एफ/४.५ आरशाचं नाभीय अंतर १८३० मिमीच्या आसपास असतं. म्हणजे एका पिक्सेलवर ०.४२ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). वातावरण बऱ्यापैकी शांत असलं तरी तारा अडीच विकला पसरतो, म्हणजे सहा पिक्सेल. सहा पिक्सेलच्या ठिपक्यात दोन पिक्सेलचा सरकाव, तोही फक्त कोपऱ्यात! स्टॅक केल्यावर, म्हणजे सगळे सब एकावर एक जुळवून एकत्र केल्यावर, तो शोधूनही सापडत नाही. ७० अंशांच्या वर मात्र मी कुणालाच जायला सांगत नाही. तिथे रोटेशन तर वाढतंच, शिवाय दिगंशाच्या मोटरला इतकं वेगात पळावं लागतं की ट्रॅकिंगही बिघडतं. लक्ष्य पूर्वेला ३० ते ६५ अंशांत असताना धरायचं किंवा पश्चिमेला उतरताना. एवढं नियोजन इक्वेटोरियलवालेही (पृथ्वीच्या अक्षाला समांतर अक्षावर फिरणारं माउंट वापरणारे) मेरिडियन फ्लिपपायी, म्हणजे याम्योत्तर ओलांडताना दुर्बीण उलटवावी लागते म्हणून, करतातच.

यावर तुमच्यासारखे लोक पुढचा प्रश्न विचारतात: १० सेकंदांत येणार काय? जुन्या सीसीडी सेन्सरच्या काळात तो प्रश्न रास्त होता. आजच्या सीमॉस कॅमेऱ्यांचा रीड नॉइज, म्हणजे सेन्सर वाचताना प्रत्येक सबमध्ये मिसळणारा गोंगाट, दीड इलेक्ट्रॉनच्या आसपास आला आहे. सब एवढाच लांब हवा की आकाशाच्या उजेडाचा नॉइज रीड नॉइजला गिळून टाकेल. रीड नॉइज १.५ असेल तर वर्ग २.२५. त्याच्या दहापट, म्हणजे २२-२३ इलेक्ट्रॉन, पार्श्वभूमीवर जमले की सब आणखी लांबवून एकूण नॉइज जास्तीत जास्त ५ टक्क्यांनी कमी होईल. पाचपटीवर थांबलात तरी तोटा साडेनऊ टक्के.

हे घरी मोजता येतं. झाकण लावून सर्वांत छोटं एक्स्पोजर घ्या, तो बायस. त्याचा मीडियन (सगळ्या पिक्सेलच्या आकड्यांतला मधला आकडा) टिपा. मग कॅमेऱ्याच्या त्याच सेटिंगवर, म्हणजे त्याच गेनवर, त्याच ऑफसेटवर १० सेकंद आकाशाचा सब घ्या आणि त्याच्या मीडियनमधून बायसचा मीडियन वजा करा. इथे लोक हमखास घसरतात: १४-बिटी कॅमेऱ्याचा आकडा १६-बिटी फाइलमध्ये बहुधा ४ ने गुणून लिहिलेला असतो. त्यामुळे एका एककाला एक इलेक्ट्रॉन अशा गेनवर २२.५ इलेक्ट्रॉन म्हणजे फाइलमध्ये ९० चा फरक. ९० आला तर १० सेकंद पुरेत. ४५ आला तर २० करा आणि पूर्व-पश्चिमेलाच राहा. रंगीत सेन्सर असेल तर लाल, हिरवा, निळा वेगवेगळे मोजा आणि सर्वांत कमी आकडा धरा.

एक गोष्ट मान्य करतो. प्रकाशाची अरुंद पट्टीच जाऊ देणाऱ्या तीन ते सात नॅनोमीटरच्या नॅरोबँड फिल्टरमधून आकाश इतकं काळं होतं की १० सेकंदांत रीड नॉइजच वरचढ राहतो. तिथे काही मिनिटांचे सब लागतात आणि त्याला इक्वेटोरियलच बरी. तुमच्या प्रतिक्रियेत नॅरोबँडचा उल्लेख नाही, पण मुद्दा खरा आहे म्हणून मांडला.

रोटेशनचे खरे त्रास वेगळेच आहेत, आणि ते तुम्ही लिहिले असते तर मला आनंद झाला असता. दुय्यम आरसा धरणाऱ्या स्पायडरच्या पात्यांमुळे ताऱ्यांना फुटणारे काटे नळीशी बांधलेले असतात, आकाशाशी नाही. सॉफ्टवेअर सब फिरवून जुळवतं तेव्हा तेजस्वी ताऱ्याभोवती काट्यांचा पंखा तयार होतो. सिग्मा रिजेक्शनने, म्हणजे बाकीच्या सबशी न जुळणारे पिक्सेल गाळून, तो बराच जातो. पूर्ण घालवायचा तर वक्र पात्यांचा स्पायडर लावावा लागतो. डिरोटेटर लावूनही हा पंखा जात नाही, कारण तो फक्त कॅमेरा फिरवतो. दुसरं, चित्र केंद्राभोवती फिरतं म्हणून मध्यभागाचे पिक्सेल जवळजवळ जागचे हलत नाहीत, आणि तिथे सेन्सरचा ठरलेला नॉइज साचत जातो. फिरतंय म्हणजे डिदर (नॉइज एकाच जागी साचू नये म्हणून लक्ष्य मुद्दाम थोडं सरकवणं) आपोआप होतंय, हा गैरसमज आहे. दर दहा मिनिटांनी लक्ष्य १५-२० पिक्सेल सरकवा. तिसरं, स्टॅक झाल्यावर कडा कापाव्या लागतात. चौरस सेन्सर कितीही फिरला तरी ३००८ पिक्सेल व्यासाचं वर्तुळ शाबूत राहतं. ६२४८ गुणिले ४१७६ च्या सेन्सरवर खात्रीचं वर्तुळ ४१७६ चंच, म्हणजे लांबीकडचे पैसे वाया. फ्लॅट (धूळ आणि कडेचा अंधार सुधारायला घेतलेले एकसारख्या उजेडाचे फोटो) मात्र तेच चालतात, कारण धूळ आणि व्हिन्येटिंग, म्हणजे तो कडेचा अंधार, कॅमेऱ्याबरोबरच राहतात.

बाकीच्या ओळींबद्दल थोडक्यात. कोमा ही एफ/४.५ परवलयी आरशाची गोष्ट आहे, माउंटची नाही. इक्वेटोरियलवर चढवलात तरी करेक्टर भिंग लागणारच, आणि त्याचं सेन्सरपासूनचं अंतर, बहुतेकदा ५५ मिमी, नीट ठेवावं लागणारच. गाइडिंग १० सेकंदांच्या सबला लागत नाही. दर दहा-पंधरा मिनिटांनी प्लेट-सॉल्व्ह करून, म्हणजे फोटोतल्या ताऱ्यांवरून दुर्बिणीची नेमकी दिशा ओळखून, लक्ष्य मध्यात आणलं की पुरतं. डेटा: दोन तासांचे ७२० सब, प्रत्येकी १८ एमबी, १३ जीबी. हा ढीग वाटत असेल तर वाटो. आणि डॉब्सननं ही रचना लोकांना डोळ्यांनी आकाश दाखवायला केली, हे बरोबर, पण त्याच्या डॉबला मोटर नव्हती. मोटर आणि दिशा मोजणारा एन्कोडर लागल्यावर ती ऑल्ट-ॲझ ट्रॅकिंग दुर्बीण होते, आणि १९७५ च्या सोव्हिएत ६ मीटर दुर्बिणीपासून केक, व्हीएलटीपर्यंतच्या महाकाय दुर्बिणी ऑल्ट-ॲझच आहेत. त्या डिरोटेटर वापरतात, आपण छोटे सब वापरतो.

“नवख्यांना खड्ड्यात घालू नका” हे मला लागलं. नवख्याला १६ इंची डॉब घ्यायला मी कुठेच सांगितलेलं नाही. ज्याच्याकडे ती आधीच आहे, त्याला तुमच्यासारखे लोक “होत नाही” म्हणून गप्प बसवतात, आणि तो कॅमेरा लावूनसुद्धा पाहत नाही. वरच्या सेटअपला २१ कलांचं (६० कला म्हणजे एक अंश) क्षेत्र मिळतं. एम५१ ही दीर्घिका, एम२७ आणि एम५७ हे तेजोमेघ त्यात आरामात बसतात. देवयानी दीर्घिका बसत नाही, तिच्यासाठी छोटी दुर्बीणच घ्यावी.

पुढची हरकत जरूर घ्या. फक्त लक्ष्य, दिगंश, उन्नतांश, सेन्सर आणि सेकंद एवढं लिहा. प्रत्येक आकड्याला उत्तर देईन. शाळकरी पोरांच्या दाखल्याला यापुढे देणार नाही.