अकरा अंगठे आणि एक कॉटेज

दरवर्षी एप्रिल उजाडला की आमच्या ठाण्यातल्या गोतावळ्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काजवे पाहायला भंडारदऱ्याला जायची टूम निघते आणि तिचे नियोजन, कोणी न सांगता, माझ्याच गळ्यात पडते. काजवे मेअखेरीपासून पावसाचा जोर वाढेपर्यंतच दिसतात, त्यामुळे सोयीचे शनिवार-रविवार जेमतेम तीन-चार येतात आणि तिथल्या धरणाच्या जलाशयाच्या, म्हणजे आर्थर लेकच्या, काठावरची लाकडी कॉटेजे त्यांच्यासाठी आधीच भरतात, हे मी आता पाढ्यासारखे म्हणून दाखवू शकतो. तरीही कॉटेजवाल्याने निम्मी रक्कम आगाऊ मागितली की ग्रुपवर अकरा अंगठे उमटतात आणि पैसे एकट्या मेहुण्याचे येतात. तेही पाचशे रुपये कमी.

मग शंका सुरू होतात. एकाला अभयारण्याच्या कुशीत जाऊन एसी हवा असतो, दुसरीला झाडे खिडकीला टेकलेली हवी असतात, पण किडा एकही नको असतो. (काजवा हा किडाच आहे, हे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.) त्यातच कोणीतरी हमखास विचारतो, ‘त्यापेक्षा येऊरला गेलो तर?’ अहो, येऊर घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे! भंडारदऱ्याचे ते प्रवरेवरचे विल्सन धरण १९२६ साली बांधून झाले, आमचा एक मुक्काम मात्र ठरता ठरत नाही.

काल कॉटेजवाल्याने खोल्या गेल्याचे कळवले. मी तसे ग्रुपवर लिहिले, तर पाच मिनिटांत मेहुण्याचा निरोप आला: ‘भावोजी, माझे पैसे कधी परत करताय?’