कॅल्शियमची गोळी आणि तल्लख मेंदू

‘मज्जातंतूंचे संदेश कॅल्शियमवर चालतात, वय वाढले की तंतूंच्या टोकांतला साठा संपतो, म्हणून रोज कॅल्शियमची गोळी घ्या, स्मरणशक्ती तल्लख राहील,’ अशा आशयाचा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतो. यातले पहिले विधान जवळपास खरे आहे, आणि त्याच्याच भरवशावर पुढची दोन खपून जातात.

‘चालतात’ या शब्दाने कॅल्शियम म्हणजे इंधन असा समज होतो. प्रत्यक्षात विश्रांतीच्या वेळी तंतूच्या टोकाच्या आत मुक्त कॅल्शियम बाहेरच्या सुमारे दहा-हजारांशच असते, आणि आत अशी शांतता असते म्हणूनच कडी वाजलेली कळते. विद्युत-स्पंद टोकापर्यंत आला की तिथल्या पटलातल्या, म्हणजे तंतूच्या आवरणातल्या, कॅल्शियमच्या वाहिन्या (कॅल्शियम आत सोडणारी सूक्ष्म दारे) उघडतात, आत शिरलेले आयन सिनॅप्टोटॅग्मिन या प्रथिनाला चिकटतात, आणि पटलाला आधीच टेकून सज्ज असलेल्या पुटिका, म्हणजे सूक्ष्म पिशव्या, त्याच्याशी एकजीव होऊन आपल्यातले संदेशवाहक रसायन बाहेर टाकतात. हे सारे एक सहस्रांश सेकंदाच्या आत उरकते आणि आलेले कॅल्शियम लगेच हटवले जाते. काट्झ आणि मिलेडी या शास्त्रज्ञांनी 1967 मध्ये बेडकाचा मज्जातंतू स्नायूला जिथे मिळतो तिथे सूक्ष्म नळीतून कॅल्शियम सोडून दाखवले की ते स्पंदाच्या किंचित आधी मिळाले तरच संदेश जातो. स्पंदानंतर दिलेले वाया जाते. थोडक्यात, प्रश्न वेळेचा आणि जागेचा आहे, साठ्याचा नव्हे.

आता गोळी. रक्तातले एकूण कॅल्शियम प्रौढांत साधारणपणे 100 मिलिलिटरमागे 8.5 ते 10.5 मिलिग्रॅम या पट्ट्यात राहते; पॅराथायरॉइड ग्रंथी आणि ‘ड’ जीवनसत्त्व मिळून ते राखतात आणि गोळीने आलेली वाढ शरीर बहुतांशी निस्तरते. समजा, पातळी खरोखरच बरीच चढली, तर? रुग्ण तल्लख होत नाही. तो सुस्तावतो, त्याला बद्धकोष्ठता होते आणि फार वाढल्यास भ्रमही होतो. उलट पातळी घसरली की नसा मंदावण्याऐवजी बिथरतात, कारण तंतूच्या पटलावरच्या सोडियमच्या वाहिन्या मग क्षुल्लक निमित्तानेही उघडू लागतात. अशा रुग्णाच्या दंडावर रक्तदाबाचा पट्टा फुगवून तीनेक मिनिटे ठेवला की मनगट वाकते, अंगठा तळव्याकडे ओढला जातो आणि बोटे ताठ होऊन एकमेकांना चिकटतात. हा हात एकदा पाहिलेल्या डॉक्टरला तो मजकूर पटणे कठीण आहे. (हाडांसाठी डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी हा वेगळा विषय आहे, ती या लेखामुळे कोणी बंद करू नये.)

राहिला ‘संपणारा साठा’. पुटिका ज्यासाठी भरलेल्या असतात ते संदेशवाहक रसायन आहे, कॅल्शियम नव्हे, आणि रिकाम्या झालेल्या पुटिका टाकूनही दिल्या जात नाहीत. ह्यूझर आणि रीस या शास्त्रज्ञांनी 1973 मध्ये बेडकाच्या तंतूला सतत उद्दीपित केले, तेव्हा बाहेरच्या द्रवात खूण म्हणून मिसळलेले विकर (एन्झाइम) काही वेळाने टोकातल्या नव्या पुटिकांत सापडले. म्हणजे पटलात मिसळलेला भाग पुन्हा आत ओढला जाऊन त्याचीच पुटिका बनत होती. आत ओढताना पुटिकेची मान तोडणारे प्रथिन म्हणजे डायनामिन. फळमाशीच्या ‘शिबिरे’ या वाणात ते उष्णतेने निकामी होते: तापमान 30 अंशांच्या आसपास गेले की पुटिका परत बनत नाहीत आणि माशी लुळी पडते. गार हवेत आणली की ती थोड्या वेळात पुन्हा चालू लागते, आणि त्यासाठी तिला बाहेरून कॅल्शियम द्यावे लागत नाही.