गुडिसन पार्क पाडले नाही, हे योग्यच झाले

इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरातल्या एव्हर्टन या फुटबॉल क्लबच्या पुरुष संघाने १८ मे २०२५ रोजी गुडिसन पार्कवरचा आपला शेवटचा सामना खेळला. साउदॅम्प्टनविरुद्धचा हा सामना त्यांनी २-० असा जिंकला, दोन्ही गोल इलिमान एन्डियाय याने केले, आणि १८९२ पासून जे मैदान या संघाचे घर होते, ते एकशे तेहतीस वर्षांनी सुटले. तेव्हा जगभरच्या फुटबॉलप्रेमींनी निरोपाचे पुष्कळ लेखन केले आणि ते स्वाभाविकच होते. माझा मुद्दा मात्र निरोपानंतरचा आहे. पुरुष संघ गेल्यावर हे मैदान पाडून तिथे दुसरे काही उभारण्याची योजना अनेक वर्षे ठरलेली होती. ती बाजूला ठेवून क्लबने गुडिसन पार्क आपल्या महिला संघाच्या स्वाधीन केले. हा निर्णय मला केवळ चांगला वाटत नाही, तर या मैदानाच्या इतिहासाशी सर्वांत प्रामाणिक असलेला निर्णय वाटतो. असे का, हे सांगण्यासाठी तो इतिहास थोडा उलगडायला हवा.

एव्हर्टनची सुरुवात १८७८ मध्ये सेंट डोमिंगो या मेथडिस्ट प्रार्थनामंदिराच्या संघापासून झाली. १८८४ पासून हा क्लब ॲनफिल्ड येथे खेळत असे. होय, आज जे लिव्हरपूल क्लबचे मैदान म्हणून जगाला ठाऊक आहे, तेच ॲनफिल्ड. एव्हर्टनने आपले पहिले लीग विजेतेपद १८९१ मध्ये तिथेच मिळवले. जागेचा व्यवहार जॉन हूल्डिंग यांच्या हाती होता. ते बिअरचे कारखानदार, शहराच्या राजकारणातले वजनदार गृहस्थ आणि क्लबचे अध्यक्षही. संघाचे नाव होऊ लागले तसे मैदानाचे भाडे शंभर पौंडांवरून अडीचशे पौंडांवर गेले, आणि सभासदांमध्ये असंतोष वाढत गेला. सेंट डोमिंगोमध्ये ऑर्गन वाजवणारे जॉर्ज मेहन यांनी विरोधकांचे नेतृत्व केले. अखेरीस बहुसंख्य सभासदांनी ॲनफिल्ड सोडले आणि स्टॅन्ले पार्क या उद्यानाच्या पलीकडची मीअर ग्रीन नावाची पडीक जागा मिळवून तिथे स्वतःचे मैदान उभारले. इकडे हूल्डिंग यांच्याकडे मैदान उरले, पण खेळायला संघ नव्हता. म्हणून त्यांनी नवा संघ काढला, तोच लिव्हरपूल फुटबॉल क्लब. फुटबॉलमधले एक अत्यंत जुने आणि कडवे वैर अशा रीतीने भाड्याच्या भांडणातून जन्माला आले.

गुडिसन पार्कचे उद्घाटन २४ ऑगस्ट १८९२ रोजी झाले, आणि गंमत अशी की त्या दिवशी तिथे फुटबॉल खेळला गेलाच नाही. धावण्याच्या शर्यती झाल्या, संगीत झाले, आतषबाजी झाली. पहिला सामना २ सप्टेंबरला बोल्टनविरुद्ध झाला आणि तो एव्हर्टनने ४-२ असा जिंकला. दोनच वर्षांत, १८९४ मध्ये, एफए चषक या इंग्लंडमधील जुन्या स्पर्धेचा अंतिम सामना या मैदानाला मिळाला. फुटबॉलसाठीच म्हणून बांधलेले मैदान ही कल्पनाच त्या काळी नवीन होती. तोपर्यंत क्रिकेटची मैदाने आणि मोकळी कुरणे यांवरच बहुतेक काम भागवले जात असे.

पुढच्या बांधकामावर आर्चिबाल्ड लीच या स्कॉटिश अभियंत्याची छाप पडली. ब्रिटनमधील कित्येक मैदानांचे स्टँड त्याने उभारले. १९२६ चा बुलन्स रोड स्टँड आणि १९३८ चा ग्लॅडिस स्ट्रीट स्टँड ही त्याची इथली कामे. वरच्या मजल्याच्या कठड्यावरची एकमेकींना छेदणारी पोलादी तिरपी जाळी ही त्याची खूण, आणि ती गुडिसन पार्कवर स्पष्ट दिसते. १९३८ मध्ये चारही बाजूंना दुमजली स्टँड असलेले हे ब्रिटनमधले पहिले मैदान ठरले. एका कोपऱ्यात सेंट ल्यूक चर्च दोन स्टँडच्या मध्ये अंग चोरून उभे आहे. क्लब वाढला तरी चर्च हलले नाही, म्हणून स्टँडनेच त्याला जागा करून दिली. १८ सप्टेंबर १९४८ रोजी लिव्हरपूलविरुद्धच्या सामन्याला येथे ७८,२९९ प्रेक्षक होते, आणि तोच येथील विक्रम राहिला.

डिक्सी डीन या एव्हर्टनच्या खेळाडूने १९२७-२८ च्या एका हंगामात लीगमध्ये साठ गोल केले, त्यातला साठावा याच मैदानावर आर्सेनलविरुद्ध. बावन्न वर्षांनी, १ मार्च १९८० रोजी, लिव्हरपूलविरुद्धचा सामना पाहताना गुडिसन पार्कवरच त्यांचे निधन झाले. १९६६ च्या विश्वचषकात ब्राझीलचे तिन्ही गट सामने येथे झाले. पोर्तुगालच्या बचावपटूंनी ब्राझीलच्या पेले या खेळाडूला लाथा मारून लंगडे केले ते याच गवतावर. उत्तर कोरियाने पोर्तुगालवर ३-० अशी आघाडी घेतल्यावर पोर्तुगालच्या एकट्या युसेबियोने चार गोल करून सामना ५-३ असा फिरवला, तोही येथेच. उपांत्य सामनाही गुडिसनला मिळाला. अनेक निष्ठावंत एव्हर्टन समर्थकांच्या अस्थी या मैदानाच्या कडेला विसर्जित केलेल्या आहेत. जागाच उरली नाही, तेव्हा क्लबला ही प्रथा थांबवावी लागली. मैदान पाडायला विरोध करणाऱ्यांच्या मनात ही गोष्ट किती खोल असेल, हे वेगळे सांगायला नको.

हा झाला नेहमी सांगितला जाणारा इतिहास. मला ज्या दिवसाबद्दल लिहायचे आहे तो २६ डिसेंबर १९२० आहे.

पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधले पुरुष आघाडीवर गेले आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत स्त्रिया आल्या. अंबाझरीच्या आयुध निर्माणीचे नाव ऐकत वाढलेल्या नागपूरकराला असा कारखाना आणि त्याभोवतीचे जग कल्पनेने उभे करणे अवघड नाही. प्रेस्टन शहरातल्या डिक, कर या कंपनीतील कामगार मुलींनी जेवणाच्या सुट्टीत फुटबॉल खेळायला सुरुवात केली, त्यातून संघ तयार झाला, आणि जखमी सैनिकांसाठी निधी उभारणाऱ्या त्यांच्या सामन्यांना लोक गर्दी करू लागले. युद्ध संपले तरी गर्दी ओसरली नाही. नाताळाच्या दुसऱ्या दिवशी गुडिसन पार्कवर डिक, कर लेडीज विरुद्ध सेंट हेलेन्स लेडीज हा सामना झाला, तेव्हा आत सुमारे त्रेपन्न हजार प्रेक्षक होते आणि हजारो लोकांना जागेअभावी बाहेरच राहावे लागले. डिक, कर संघ ४-० असा जिंकला आणि तीन हजार पौंडांहून अधिक निधी मदतकार्यासाठी जमा झाला. ज्या दशकात या मुलींतल्या बहुतेकींना मतदानाचा अधिकारही नव्हता, त्या दशकातली ही गोष्ट आहे.

यानंतर एक वर्षही पुरते झाले नाही तोच, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला की हा खेळ स्त्रियांना योग्य नाही, त्याला उत्तेजन देऊ नये, आणि संलग्न क्लबांनी आपली मैदाने महिलांच्या सामन्यांना देऊ नयेत. निधीच्या हिशेबाबद्दलही शंका काढण्यात आल्या. खेळण्यावर थेट बंदी घालायची गरजच नव्हती. मैदान काढून घेतले की प्रेक्षक, पैसा, वर्तमानपत्रांतली जागा हे सगळे आपोआप जाते. मुली उद्यानांत आणि रग्बीच्या मैदानांवर खेळत राहिल्या, पण पन्नास हजारांचा खेळ पुन्हा काही शेकड्यांवर आला. ही बंदी सुमारे पन्नास वर्षे टिकली. महिलांच्या फुटबॉलला प्रेक्षक नाहीत, असे आज कोणी म्हणते तेव्हा मला हा ठराव आठवतो. प्रेक्षक होते. त्यांना ज्या दारातून यायचे होते, ते दार बंद केले गेले, आणि त्या दारांपैकी सर्वांत मोठ्या गर्दीचे दार गुडिसन पार्कचे होते.

म्हणून मे २०२५ मध्ये, शेवटच्या सामन्याच्या काही दिवस आधी, एव्हर्टनने हे मैदान कायमचे महिला संघाला देण्याचे जाहीर केले, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. त्याआधी हा संघ वॉल्टन हॉल पार्क येथील दोन हजारांच्या आसपास क्षमतेच्या छोट्या मैदानावर खेळत होता.

पुरुष संघाने जाऊ नये, असे मात्र मी कधीच म्हणणार नाही. गुडिसनची क्षमता ३९ हजारांच्या आसपास उरली होती, लीचच्या काळातल्या खांबांमागे बसणाऱ्याला अर्धे मैदान दिसत नसे, आणि चारही बाजूंनी चिकटून असलेल्या घरांमुळे विस्ताराला वाव नव्हता. क्लबने आधी शहरातल्याच किंग्ज डॉक या गोदीची जागा पाहिली. पैशांअभावी ती योजना २००३ मध्ये बारगळली. मग शहराच्या हद्दीबाहेर कर्कबी येथे जाण्याचे ठरले, तेव्हा समर्थकांमध्ये उभी फूट पडली, आणि २००९ मध्ये सरकारने ती योजना नाकारली. अखेर ब्रॅमली-मूर या जुन्या गोदीत सुमारे ५३ हजार क्षमतेचे स्टेडियम उभे राहिले. त्याचीही किंमत होतीच: नदीकाठच्या नव्या बांधकामांमुळे युनेस्कोने २०२१ मध्ये लिव्हरपूलचे जागतिक वारसा स्थान काढून घेतले, आणि त्या बांधकामांत या स्टेडियमचा समावेश होता. तिथला पहिला लीग सामना २४ ऑगस्ट २०२५ रोजी झाला, म्हणजे गुडिसनच्या उद्घाटनाच्याच तारखेला.

शहराबाहेर जायचे की नाही, हा वाद आपण नागपूरकरांना परका नाही. सिव्हिल लाइन्समधील विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या मैदानावर १९६९ मध्ये नागपुरातली पहिली कसोटी झाली. ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी, एकाच सामन्यात, चेतन शर्माने विश्वचषकातली पहिली हॅटट्रिक आणि गावसकरांनी आपले एकदिवसीय क्रिकेटमधले एकमेव शतक तिथेच नोंदवले. १९९५ मध्ये न्यूझीलंडविरुद्धच्या सामन्यात याच स्टेडियमची भिंत कोसळून प्रेक्षक मृत्युमुखी पडले, हेही विसरता येत नाही, आणि जुन्या स्टेडियमांबद्दल केवळ हळवेपणाने बोलणाऱ्यांनी तर ते मुळीच विसरू नये. २००८ पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेट वर्धा मार्गावर जामठ्याला गेले. स्टेडियम उत्तम आहे. पण सीताबर्डीवरून चालत सामन्याला जाण्याचे दिवस संपले, आणि सामना सुटल्यावर वर्धा मार्गावर काय होते ते आपण सगळे जाणतो. तरीही एक गोष्ट आपल्या शहरात बरी झाली. सिव्हिल लाइन्सचे मैदान विकले गेले नाही, त्यावर क्रिकेट चालू राहिले.

लंडनमध्ये असे झाले नाही. आर्सेनलने २००६ मध्ये हायबरी सोडले. तिथल्या ईस्ट स्टँडचा दर्शनी भाग वारसा म्हणून जपला, आत सदनिका झाल्या आणि खेळाच्या मैदानाच्या जागी रहिवाशांसाठी बाग आली. वास्तुरचना म्हणून ते काम सुरेख आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु ज्या जागेवर त्र्याण्णव वर्षे फुटबॉल झाला तिथे आता चेंडू लाथाडता येत नाही. वेस्ट हॅमच्या अप्टन पार्कचे तर तेवढेही उरले नाही; २०१६ नंतर ते पाडून त्या जागी घरे बांधली गेली. आपल्याकडे एम्प्रेस मिलच्या जागी मॉल आला, तेव्हा नाव तेवढे मागे राहिले, तसेच हे.

गुडिसनबाबतच्या निर्णयावर एक आक्षेप मला खरोखर वजनदार वाटतो. मैदान पाडून त्या जागी घरे, आरोग्यसेवा आणि परिसरासाठी सोयी करण्याचे आधी ठरले होते, आणि गुडिसन पार्क जिथे आहे तो वॉल्टन हा भाग गरीब आहे. तिथल्या रहिवाशाने विचारले की आमच्या घरांपेक्षा तुमच्या आठवणी मोठ्या का, तर त्याला उत्तर द्यावेच लागेल. माझे उत्तर असे की त्या भागातली दुकाने, खानावळी, पब आणि क्लबच्या सेवाभावी संस्थेचे काम हे सारे या मैदानाभोवतीच वाढलेले आहे, आणि खेळ चालू राहिला तर त्यांना आधार राहील. मात्र क्लबने घरांच्या आणि आरोग्याच्या बाबतीत दिलेला शब्द दुसऱ्या मार्गाने पाळला पाहिजे. महिला संघाला मैदान दिले म्हणून ते ऋण फिटत नाही. दुसरा आक्षेप, एवढ्या मोठ्या मैदानात थोडेच प्रेक्षक येतील हा, मला तितका पटत नाही. सगळे मजले पहिल्याच वर्षी भरायला हवेत, अशी अट १८९२ मध्ये पुरुष संघालाही कोणी घातली नव्हती.

नागपूर आणि कामठी परिसरात फुटबॉल पिढ्यान्‌पिढ्या खेळला जातो. माझी भाची फुटबॉल शिकते. मुलांच्या दोन तुकड्यांचा सराव आटोपला की उरलेल्या वेळात मुलींना मैदान मिळते, आणि उरलेला वेळ म्हणजे बहुधा अंधार. कुणाची दुष्ट इच्छा आहे असे नाही. वेळापत्रक आखताना त्यांचा विचार शेवटी होतो, एवढेच. धंतोलीतील यशवंत स्टेडियमच्या पुनर्विकासाची चर्चा आहे. अधिवेशनातले मोर्चे, सभा, दुकाने, वाहनतळ या सगळ्यांची सोय त्या आराखड्यात होईलच. माझी मागणी इतकीच की, मुलींच्या सरावाचे आणि सामन्यांचे दिवस व तास त्याच आराखड्यात, दिव्यांच्या आणि कपडे बदलण्याच्या खोल्यांच्या तरतुदीसह, लिहून ठेवावेत आणि ते बांधकामाआधीच जाहीर करावेत. ज्यांना हे पटते त्यांनी महापालिकेकडे आणि क्रीडा विभागाकडे लेखी सूचना पाठवाव्यात. मी माझी पाठवत आहे.