उपचारांचा भार शून्यावर कसा आणावा

मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, ठिसूळ हाडे आणि जरासे कुरकुरणारे हृदय एवढी सामग्री जमवून आपण साठी ओलांडली असेल, तर आपण आता संशोधनास पात्र झाला आहात. आजार किती बळावला हे मोजण्याची साधने होतीच. पण त्यांवरचे उपचार सांभाळणे हेही एक काम आहे आणि त्याचेही माप घेतले पाहिजे, हे वैद्यकशास्त्राच्या ध्यानात जरा उशिरा आले. २००५ साली अमेरिकेतील संशोधकांनी पाच जुनाट आजार असलेली ७९ वर्षांची एक काल्पनिक बाई घेऊन प्रत्येक आजाराची मार्गदर्शक तत्त्वे तिला इमानेइतबारे लागू केली, तेव्हा तिच्या वाट्याला १२ औषधे आणि दिवसाला १९ मात्रा आल्या. बाई काल्पनिक असल्यामुळे तिची तक्रार नव्हती.

खऱ्या माणसांचा हा उपचारांचा भार मोजण्यासाठी पुढे प्रश्नावल्या तयार झाल्या. फ्रान्समध्ये २०१२ साली एक झाली आणि इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या संशोधकांनी २०१८ साली, खास अनेक आजार एकत्र असलेल्यांसाठी, दहा प्रश्नांची दुसरी प्रसिद्ध केली. औषधे लक्षात ठेवणे, तपासण्या करणे, निरनिराळ्या डॉक्टरांना भेटणे यांसारखी कामे आपल्याला किती अवघड जातात, हे तीत सांगायचे असते. ‘अवघड नाही’ला शून्य गुण, ‘अत्यंत अवघड’ला चार, आणि शेजारी ‘लागू नाही’ असा आणखी एक रकाना. त्यालाही शून्यच गुण. एकूण गुण शंभरपैकी काढतात आणि २२ किंवा त्याहून वर गेलात की आपला भार ‘जास्त’ गणला जातो. साधन चांगल्या हेतूने आणि कष्टाने बनवलेले आहे, यात शंका नाही. मुंबईकराने फक्त त्या शेवटच्या रकान्याची ताकद ओळखावी.

समजा, आपण भांडुपला राहता, हृदयाचे डॉक्टर परळला आहेत, मधुमेहाचे दादरला, आणि रक्त घाटकोपरच्या लॅबमध्ये उपाशीपोटी द्यायचे आहे. सकाळच्या गर्दीत, फाइल छातीशी धरून, पोटात काही नसताना आपण लोकलमध्ये चढता. अपंग आणि कर्करुग्णांसाठी राखीव डब्यात आपल्याला जाता येत नाही, कारण आपले आजार पाच असले तरी त्यांतला एकही दारावरच्या पाटीत बसत नाही. नंतर केस पेपरची रांग, डॉक्टरांची रांग, औषधांची रांग, आणि त्या दिवशीचा खाडा. हे सगळे प्रामाणिकपणे लिहिलेत, तर गुण कोठल्या कोठे जातील. त्यापेक्षा परळला जाणेच सोडून द्यावे. भेटीच ठरलेल्या नसल्या की भेटीला जाणे किती अवघड हा प्रश्न आपल्याला लागू होत नाही.

घरी साखर तपासण्याचेही तसेच. पट्ट्या महाग पडतात. त्या आणू नयेत, ‘लागू नाही’वर खूण करावी. गोळ्यांच्या वेळापत्रकाला मात्र थोडी हिंमत लागते. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, कॅल्शियम तिच्यापासून चार तास दूर, मधुमेहाचे मेटफॉर्मिन जेवणाबरोबर, आणि हाडांची आठवड्याची गोळी सकाळी रिकाम्या पोटी घेऊन पुढे अर्धा तास आडवे व्हायचे नाही. ती ज्या वारी येईल त्या वारी थायरॉइडच्या गोळीने कोठे जायचे, हे कागदावर लिहिलेले नसते, कारण दोन्ही कागद वेगवेगळ्या डॉक्टरांचे असतात. यावर जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे सूनबाई. डबीचे कप्पे तिने भरावेत, वेळेवर हाक तिने मारावी, केमिस्टकडे तिने जावे, नंबर तिने लावावा. मग औषधे लक्षात ठेवणे अवघड जाते काय, या प्रश्नावर आपण मोकळ्या मनाने ‘नाही’ म्हणू शकता. घरच्यांच्या मदतीवर अवलंबून राहणे किती अवघड, असाही एक प्रश्न आहे, पण तो आपल्याला विचारलेला आहे, तिला नव्हे. तिला अजून कोणताच जुनाट आजार नसल्याने ती या अभ्यासात बसत नाही.

एवढे करूनही एखादा गुण उरलाच, तर आपला स्वभाव आहेच. ‘कसं चाललंय, आजोबा?’ असे प्रश्नावली घेऊन आलेल्या मुलीने विचारले की ‘चाललंय, बाळा’ म्हणावे. ती बिचारी उन्हातून जिने चढून आलेली असते, तिला पाणी द्यावे आणि पहिल्या रकान्यावर भराभर खुणा करून मोकळे करावे.

या पद्धतीने आपण शून्यावर पोहोचाल, तेव्हा आपल्या शेजारी त्याच अंकावर दोन प्रकारची माणसे असतील: ज्यांना सगळे उपचार सहज जमतात ती, आणि ज्यांनी ते सोडून दिले आहेत ती. नुसत्या गुणांवरून त्यांतला फरक सांगता येत नाही. तो काही महिन्यांनी पुढच्या फेरीत कळू शकला असता, पण तोवर यांतले काही जण दवाखान्यात दाखल झालेले असतात आणि काही पत्त्यावर सापडत नाहीत. त्यांची नोंद ‘पाठपुराव्यातून गळालेले’ अशी होते, आणि उरलेल्यांची सरासरी काढली जाते.